मांडवीवरचा पास आणि आपले कोटेशन

दिवाळीचा बोनस वाटून झाला की भोसरी, चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या कंपन्यांचे फोन आपल्याकडे सुरू होतात. वर्षअखेरीच्या शटडाऊनमध्ये कामगारांची ट्रिप, जानेवारीत डीलर मीट, मार्चच्या आत व्हेंडर मीट. विचारणा कोणाचीही असो, पहिल्या वाक्यात गोवा असतो आणि दुसऱ्यात कॅसिनो. तिसरे वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी झाले आहे : ‘मागच्या वर्षीच्याच रेटमध्ये बसवा.’ त्या रेटमध्ये गोवा बसत नाही. तरीही तो बसवून दाखवण्यासाठी सहलीच्या धंद्यात जे चालते, त्यावर या अंकात स्पष्ट लिहिणे भाग आहे.

गोवा महाग झाला याचे एकच एक कारण नाही. 5 जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरूचा पैसेवाला पर्यटक थेट पेडण्यात उतरू लागला. त्याच्या मागोमाग किंवा थोडी आधी मोठी हॉटेले आली. हणजूणला वेस्टिन आले, वागातोरला जेडब्ल्यू मॅरियट, दक्षिणेत कावेलोसिमच्या जुन्या लीलाच्या जागी सेंट रेजिस. मोपाजवळ धारगळला कॅसिनोसह मोठे रिसॉर्ट उभारण्याचा डेल्टा कॉर्पचा प्रस्ताव काही वर्षांपासून चर्चेत आहे. ही हॉटेले तिघांना एका खोलीत झोपवणाऱ्या ग्रुपसाठी बांधलेली नाहीत. ती लग्नांसाठी आहेत, मोठ्या कॉर्पोरेट परिषदांसाठी आहेत. त्यांचे दर वर गेले की कळंगुट-कांदोळीतले मधल्या दर्जाचे हॉटेलही आपला दर वर सरकवते, आणि आपला ग्राहक नेमका त्या मधल्या हॉटेलात राहतो.

त्यात कराची पायरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला, त्यावरच्या खोलीवर 18 टक्केच राहिला. खोली 7,500 ला मिळाली तर करासह 7,875 पडतात. तीच खोली हॉटेलने 7,600 ला दिली तर करासह 8,968. भाव शंभराने वाढला आणि बिल 1,093 रुपयांनी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ही रेघ ओलांडायला हॉटेलांना काहीच वेळ लागत नाही. वाटाघाटी करताना नाश्त्यात एखादा पदार्थ जास्त मागण्यापेक्षा खोलीचा दर या रेघेखाली ठेवण्यावर जोर द्या. तिथे प्रत्येक खोलीमागे हजार रुपये वाचतात.

जेवणाचेही तसेच. ज्या हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात एखादी खोली 7,500 च्या वर विकली, त्याच्या रेस्टॉरंटमध्ये 5 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागतो. एकतीस डिसेंबरच्या रात्री गोव्यात किती हॉटेले या रेघेखाली राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मे महिन्यात 4,000 च्या खोलीत उतरलेल्या आपल्या ग्रुपच्या जेवणावरही मग 18 टक्के येतो, आणि ज्याने कोटेशनमध्ये 5 धरला तो ऑपरेटर फरक आपल्या खिशातून भरतो. शिवाय गोव्यातल्या हॉटेलच्या बिलावर केंद्राचा आणि गोवा राज्याचा कर असतो. चाकणच्या कंपनीची नोंदणी महाराष्ट्रात असेल तर त्याचे क्रेडिट तिला मिळत नाही. ‘जीएसटी काय, परत मिळतोच’ असे समजून चालणाऱ्या परचेस विभागाला हे आपणच आधी सांगायला हवे.

आता कॅसिनो.

गोवा केंद्रशासित असताना 1976 मध्ये तिथला जुगारविरोधी कायदा आला. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या जुगाराला वाट मिळाली, 1996 मध्ये जहाजावरच्या प्रत्यक्ष खेळालाही. आज पणजीत मांडवीवर सहा जहाजे आहेत. ती नदीतून हलवण्याची आश्वासने एकामागून एक सरकारांनी दिली आणि दर वेळी मुदतवाढ मिळाली. महाराष्ट्रानेही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच करण्यात आला. त्यामुळे आपल्या पट्ट्यातल्या माणसाला कॅसिनो बघायचा तर रात्रभराचा प्रवास करून पणजीच गाठावी लागते.

दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. दयानंद बांदोडकर मार्गावर गाडी थांबते. टूर मॅनेजर आधार कार्डे गोळा करून काउंटरवर उभा राहतो. एकवीस वर्षे पूर्ण न झालेला ट्रेनी बाजूला काढला जातो आणि त्याचे काय करायचे यावर पाच मिनिटे घोळ चालतो. बाकीच्यांच्या मनगटावर पट्टी बांधली जाते, छोट्या बोटीतून सगळे जहाजावर जातात. पासात जेवण आहे, पेय आहे, नाचगाणे आहे आणि थोड्या चिप्स आहेत. त्या चिप्सचे रोख पैसे होत नाहीत, त्या फक्त टेबलावर लावता येतात. त्या संपतात तेव्हा रात्रीचे दहा-साडेदहा झालेले असतात आणि परतीची बोट ग्रुप जमल्याशिवाय पकडायची नसते. पुढचे दोन-तीन तास प्रेस शॉपमधला ऑपरेटर काय करणार? शेजारचा करतो तेच. तो काउंटरवर जाऊन स्वतःच्या पैशाच्या चिप्स घेतो.

1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. 10,000 रुपयांच्या चिप्सवर 4,000 कर. कॅसिनोने तो वेगळा मागितला काय किंवा स्वतः भरून दुसरीकडून काढला काय, येतो तो खेळणाऱ्याकडूनच. न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी त्यांवरचा कर परत होत नाही. कॅसिनोच्या प्रवेशावरही तोच 40 टक्के आहे, म्हणजे 2,000 च्या पासावरचा कर 560 वरून 800 वर गेला. पासाचे दर का वाढले असे विचारणाऱ्या एचआर मॅनेजरला हे गणित सांगता येईल. पण कामगाराच्या खिशातून टेबलावर जे जाते ते आपल्या बिलात नसते आणि कंपनीच्याही नसते. त्याची नोंद त्याच्या घरी होते.

गोवा सरकारने 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. स्वतःच्या माणसांना ज्या टेबलापासून सरकार दूर ठेवते, ते टेबल बाहेरून येणाऱ्यांच्या पैशावर चालते, आणि आपल्या गाडीतून उतरणारा भोसरीचा कामगार त्या बाहेरच्यांत मोडतो. त्याचा बोनस कायद्याने किमान 8.33 टक्के असतो. बोनससाठी धरलेल्या वर्षभराच्या पगाराचा तो बारावा हिस्सा आहे, आणि तो मुलांची फी किंवा गावाकडच्या घराचे पत्रे अशा कामांसाठी ठरलेला असतो.

काही ऑपरेटर कॅसिनोचा पास पॅकेजमध्येच घालतात. यामागचे व्यवहार आपण एकमेकांपासून लपवण्यात अर्थ नाही. पासामागे कमिशन मिळते. शिवाय एका रात्रीचे जेवण पासात उरकते, म्हणून पॅकेजचा आकडा खाली दिसतो आणि कंपनीला ‘मागचाच रेट’ दाखवता येतो. गोव्यातली भाववाढ अशा वेळी प्रत्यक्षात कामगार भरतो, आणि कोणत्याही कागदावर तसे लिहिलेले नसते. स्वेच्छेने जाणाऱ्या प्रौढ माणसाला अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र ग्रुपच्या कार्यक्रमात कॅसिनो छापला की स्वेच्छा उरत नाही. ज्याला जायचे नाही त्याला गाडीत बसून राहावे लागते. हे थांबले पाहिजे.

कॅसिनोच्या शहरात असा आडून वसूल केलेला दर फार काळ चालत नाही, हे अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये दिसते आहे. तिथे अनेक दशके खोली आणि जेवण स्वस्त असे, कारण कमाई टेबलावर होई. पुढे खोलीच्या दरावर ‘रिसॉर्ट फी’ वेगळी लागू लागली, 2016 मध्ये एमजीएम या रिसॉर्ट कंपनीने पार्किंगलाही पैसे लावले. 2021 मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये फाँटनब्लू अशी अब्जावधी डॉलरची रिसॉर्टे उघडली, आणि जून 2025 मध्ये तिथे आलेले पर्यटक आदल्या जूनपेक्षा सुमारे 11 टक्क्यांनी कमी भरले. त्याला कॅनडाशी ताणलेले संबंध आणि मंदीची भीती हीही कारणे आहेत, पण पर्यटकांची तक्रार छुप्या आकारांचीही होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 12 मे 2025 पासून हॉटेलांना सक्तीच्या सगळ्या आकारांसह पूर्ण दर आधीच दाखवण्याचा नियम लागू केला. आपल्याकडे तो नियम यायची वाट बघायची गरज नाही.

पूर्ण दर आधीच दाखवण्याच्या या पद्धतीला आपला ग्राहक सगळ्यांत तयार आहे. चाकणचा परचेस मॅनेजर साध्या ब्रॅकेटचे कोटेशन घेताना व्हेंडरकडून कच्चा माल, स्क्रॅप, टूलची किंमत, प्लेटिंग, पॅकिंग, वाहतूक असा रकानेवार ब्रेकअप मागतो आणि पैशापैशावर घासाघीस करतो. तोच माणूस चाळीस जणांची गोवा ट्रिप ‘प्रति व्यक्ती अमुक’ अशा एका आकड्यावर मंजूर करतो, कारण आपण त्याला दुसरे काही दिलेलेच नसते. त्याला ब्रेकअप द्या. खोलीचा दर आणि त्यावरचा कर, जेवण आणि त्यावरचा कर, गाडी, टोल, परराज्याचा वाहन कर, ड्रायव्हरची राहण्याची सोय, टूर मॅनेजर, आपला नफा. होय, आपला नफाही. तो झाकून ठेवल्यानेच तो कमिशनमधून काढायची वेळ येते. तीन कोटेशनांत आपले महाग दिसेल ही भीती खरी आहे आणि पहिल्या वर्षी काही कामे जातीलही. पण ट्रिपनंतर ‘हे एक्स्ट्रा, ते एक्स्ट्रा’ ऐकलेली कंपनी पुढच्या वर्षी कोणाला फोन करते, हे जुन्या ऑपरेटरांना विचारा.

डीलर मीटच्या बाबतीत हा ब्रेकअप कायद्यासाठीही लागतो. 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे (तेव्हाचे कलम 194 आर), व्यवसायात दिलेल्या लाभाचे मूल्य वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेले तर 10 टक्के कर कापावा लागतो. नव्या मालाची माहिती देणारी परिषद लाभात धरली जात नाही. डीलरची मौजमजा, कुटुंबाचा खर्च, परिषदेच्या लगतचा एक-एक दिवस सोडून आधी-नंतरचा मुक्काम धरला जातो. आपले बिल एकाच ओळीचे असेल तर कंपनीचा अकाउंट्स विभाग ही विभागणी कुठून आणणार? परिषदेचा दिवस आणि फिरण्याचा दिवस यांची बिले वेगळी करा.

खर्च खाली आणायचा प्रामाणिक मार्ग आपल्या पट्ट्याकडे आहे, तो म्हणजे गुरुवार. इथल्या कितीतरी लघुउद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गोव्यात हॉटेलांचे आणि इतर सगळ्याचेच दर शुक्रवार ते रविवार चढतात. मंगळवारी रात्री निगडीहून निघालेली गाडी शुक्रवारी सकाळी परत येऊ शकते. कंपनीचा एकच कामाचा दिवस बुडतो आणि ग्रुपला आठवड्यातला स्वस्त दर मिळतो. पुण्यातल्या आयटी कंपन्यांची ट्रिप करणाऱ्याला हे जमणार नाही. डिसेंबरच्या शटडाऊनचा हट्ट धरणाऱ्या कंपनीसमोर जानेवारीच्या मधल्या आठवड्याचे कोटेशनही ठेवा. दोन आकडे शेजारी पाहिले की निर्णय बदलतात.

सिंधुदुर्गही सुचवा. तारकर्ली, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा इथे मधल्या बजेटच्या खोल्या आहेत, मासे उत्तम आहेत, आणि ज्यांना गोवा बघायचाच आहे त्यांना वेंगुर्ल्याहून दीड-दोन तासांत पणजीला नेऊन रात्री परत आणता येते. तिथले हॉटेल महाराष्ट्राच्या जीएसटीत येते, म्हणून व्यावसायिक बैठकीच्या खर्चावरचे क्रेडिट कंपनीला मागता येते. चाळीसच्या वर खोल्या एका जागी मिळणे कठीण जाते, ही तिथली खरी अडचण. वर्कशॉपची ट्रिप दोन जथ्यांत केली तर तीही सुटते, आणि कंपनीची लाइनही पूर्ण बंद ठेवावी लागत नाही.

वाचकांना दोन गोष्टींची विनंती आहे. या हंगामात जाणाऱ्या प्रत्येक कोटेशनवर करांसह रकानेवार ब्रेकअप द्या. आणि कॅसिनोचा पास कामगारांच्या पॅकेजमधून काढून टाका. ज्याला जायचे असेल त्याने स्वतःच्या पैशाने, आपल्या कमिशनशिवाय जावे. उरलेल्यांसाठी त्या रात्रीचे जेवण आणि परतीची गाडी कार्यक्रमात लिहिलेली असू द्या.