एका मुलीच्या दोन पदव्या

दहावीचा निकाल लागला, की आमच्या महिला मंडळात एकच विषय निघतो. सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स? मी स्वतः बी.ए. आहे, तरी ‘आर्ट्‌सला घालून काय करायचं?’ हे माझ्या तोंडावर बोललं जातं. गणित आवडणाऱ्या मुलीला इतिहासही आवडू शकतो, हे पंधराव्या वर्षी तिचं कुणी ऐकूनच घेत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या काही ख्रिश्चन कॉलेजांमधली इंजिनिअरिंगची पद्धत मला सांगावीशी वाटते. ही कॉलेजं छोटी. यंत्रशाळा, प्रयोगशाळा उभारणं त्यांना परवडत नाही, पण गणित, भौतिकशास्त्र उत्तम शिकवतात. मग ती मोठ्या विद्यापीठाशी करार करतात. साधारणपणे मुलगी तीन वर्षं इथे शिकते, विज्ञानाबरोबर साहित्य, तत्त्वज्ञानही घेते, आणि पुढची दोन वर्षं तिकडे इंजिनिअरिंग करते. हाती दोन पदव्या. आपल्या आयआयटीतही ‘ड्युअल डिग्री’ असते, पण ती बी.टेक. आणि एम.टेक.ची. ही गोष्ट वेगळी बरं का!

इंडियाना राज्यात सेंट मेरीज हे मुलींचं कॉलेज आहे. होली क्रॉस संघाच्या नन्सनी १८४४ मध्ये काढलेलं. रस्ता ओलांडला, की नोटर डेम विद्यापीठ. तिथे पदवीच्या वर्गांत १९७२ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. दोन्ही संस्था एक करायचं ठरलं होतं, ते १९७१ मध्ये फिसकटलं आणि सेंट मेरीज मुलींचंच राहिलं. इथली मुलगी रस्त्यापलीकडे जाऊन इंजिनिअरिंगचे वर्ग करते, चौथ्या वर्षी आपल्या कॉलेजची पदवी घेते आणि पाचवं वर्ष पूर्ण वेळ नोटर डेममध्ये काढून इंजिनिअर होते. मुलींच्या कॉलेजातला मोकळेपणाही मिळतो आणि मोठी प्रयोगशाळाही.

मला यातलं सगळ्यात काय पटलं सांगू? दोन वर्षांनी मुलीला वाटलं, की इंजिनिअरिंग आपल्याला झेपत नाही किंवा रुचत नाही, तर ती पहिल्याच कॉलेजात राहून चार वर्षांत पदवीधर होते. ना वर्ष वाया, ना चारचौघांत मान खाली. आपल्याकडे मात्र एटीकेटीचे विषय साठत जातात, मुलगी आतल्या आत कुढते, आणि घरचे म्हणतात, ‘आता एवढी फी भरलीय, कर पुरं.’

‘ख्रिश्चन’ शब्दाने दचकणाऱ्याही असतील. तर सगळी कॉलेजं सारखी नसतात. इलिनॉय राज्यातलं व्हीटन कॉलेज १८६० चं, तिथेही इंजिनिअरिंगची अशी सोय आहे. पण तिथे विद्यार्थ्यांना ख्रिस्ती आचरणाचा करार मान्य करावा लागतो आणि बायबलचा अभ्यास सक्तीचा. सेंट मेरीज कोणत्याही धर्माच्या मुलीला घेतं, धर्म हा विषय मात्र अभ्यासावा लागतोच. त्यात गैर काही नाही. पण अर्ज भरण्याआधी मुलीने आणि आईने नियम वाचलेले बरे.

आता पैशाचं. चार वर्षांच्या जागी पाच, म्हणजे एका वर्षाची फी, राहणं, जेवण वाढलं. ‘एका खर्चात दोन पदव्या’ असं कुणी एजंट म्हणाला, तर त्याच्यासमोरच पाचही वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. दुसरीकडे जागा आपोआप मिळते असंही नाही. ठरावीक विषय आणि ठरावीक गुण लागतात. पहिल्या कॉलेजची शिष्यवृत्ती पुढे चालेल का, हे तर लेखी विचारून घ्यावं. परगावच्या लग्नाची देणीघेणी आपण जितकी खोदून विचारतो, तितकं तरी!

आणि परदेश नकोच असेल, तर? आपल्याकडे यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली. इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स दिवसभर चालतात, त्यामुळे दुसरं कॉलेज गाठणं अवघडच. पण दुसरी पदवी दूरशिक्षणाने घेता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.ए. घरी बसून करता येतं. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतानाच कॉलेजच्या ऑफिसात याची चौकशी करा, कारण आपलं विद्यापीठ दुसऱ्या पदवीला काय नियम लावतं, ते तिथेच कळेल.