उपाशीपोटी साखर येते कुठून?



"रात्री अर्धीच भाकर खाल्ली, तरी सकाळी साखर जास्त कशी?" वस्तीतल्या आयाबाया विचारतात. मग कुणी अंगारा आणते, कुणी गोळीच सोडते. ही साखर ताटातली नव्हे, यकृतातली. अंगारेवाल्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

आपण झोपलो की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. नाहीतर मेंदूची उपासमार होईल. पण पेशीत साखरेला फॉस्फेटची बेडी असते आणि बेडीसह पेशीचा पडदा ओलांडता येत नाही. पेशीच्या आत पडद्याचीच एक खोली असते. दारावरचे प्रथिन बेडीतल्या साखरेला आत घेते, दुसरे प्रथिन बेडी तोडते. मोकळी साखर मग रक्तात जाते. काही बाळांत हे बेडी तोडणारे प्रथिन जन्मतःच नसते. दूध पिऊन काही तासांतच त्यांची साखर धोकादायक उतरते. गर्टी व कार्ल कोरी या दांपत्याने १९५२ साली हे कारण शोधले.

मधुमेहात उलटे घडते. बाबासाहेबांनाही या रोगाने छळले होते. इन्सुलिनचा धाक उरत नाही, यकृत गरज नसता साखर सोडते. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृतालाच आवरते. उपाशी झोपून ते आवरत नाही. उलट इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्रीच घसरू शकते.