जपानी अ‍ॅनिमे हिंदीत आला. मराठी, पंजाबी मात्र बाहेरच

‘डीमन स्लेअर’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे २०२४ नंतरचे कथानक दूरचित्रवाणीऐवजी तीन चित्रपटांतून मांडले जात आहे. त्यांपैकी पहिला, ‘इन्फिनिटी कॅसल’, १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. मूळ जपानीसह इंग्रजी, हिंदी, तमीळ व तेलुगू आवृत्त्या आल्या. मराठी वा पंजाबी आवृत्ती आली नाही. शिकवणी वर्गांसाठी परिचित असलेल्या चंदीगडच्या सेक्टर ३४ मधील पंजाबी विद्यार्थी आणि पुण्यातील मराठी विद्यार्थी, दोघेही हिंदीचेच प्रेक्षक गणले गेले. तमीळ, तेलुगू आवृत्त्यांमुळे त्या भाषांतील अनुवादकांना व आवाज-कलावंतांना काम मिळते. हिंदी समजते, हीच मराठीची अडचण ठरते. उर्वरित दोन चित्रपटांपूर्वी मराठी प्रेक्षकांनी मागणी नोंदवली, तरच हे गणित बदलू शकेल.