हायझेनबर्ग टी-शर्टवर ठेवा, डोक्यात नको

कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर जा, एक तरी टी-शर्ट दिसतोच. काळी हॅट, गॉगल, फ्रेंच बिअर्ड आणि खाली नाव, हायझेनबर्ग. टी-शर्ट नसेल तर कुणाच्या तरी डीपीला तो असतो. ‘ब्रेकिंग बॅड’ संपली २०१३ मध्ये. तेव्हा तुमच्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत डबा खात होते. तरी आज होस्टेलच्या रूममध्ये रात्र रात्र जागून ती पाहिली जाते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘अजून एकच एपिसोड’ म्हणत तिसरा सीझन संपतो.

त्या टी-शर्टशी माझं भांडण नाही, माझ्याकडेही एक होता. भांडण आहे ते टी-शर्टमधून हळूच डोक्यात शिरणाऱ्या विचाराशी. मी हुशार आहे, जगाने माझी किंमत केली नाही, आता मी एकट्याच्या जोरावर सगळ्यांना दाखवून देतो, असा तो विचार. वॉल्टर व्हाइटची अख्खी गोष्ट त्यात बसते. आणि गंमत बघा, हे पात्र ज्याने घडवलं, त्या व्हिन्स गिलिगनची कारकीर्द या विचाराच्या बरोब्बर उलट्या दिशेने गेलेली आहे. तुम्हाला लिहायचं असेल, शॉर्टफिल्म, एकांकिका, वेब सिरीज काहीही करायचं असेल, तर वॉल्टरपेक्षा गिलिगनकडे बघा, एवढंच आज सांगायचंय.

गिलिगन अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकला. १९८९ मध्ये त्याच्या पटकथेला त्याच्या राज्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. बक्षीस मिळालं म्हणजे आता थेट स्वतःची मालिका, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. तो ‘एक्स-फाइल्स’चा फॅन होता. एफबीआयचे दोन एजंट आणि न उलगडणाऱ्या केसेस, अशी ती ख्रिस कार्टरची मालिका. १९९५ मध्ये गिलिगनने तिचा एक भाग लिहिला, मग तो तिथेच नोकरीला लागला आणि २००२ मध्ये मालिका बंद होईपर्यंत राहिला. सात वर्षं, सुमारे ३० भाग, आणि सगळी पात्रं दुसऱ्याने निर्माण केलेली.

आता म्हणाल, मग यात त्याचं काय? त्याचं हे, की तिथे लेखकाने कागद देऊन घरी जायचं नव्हतं. आपल्या भागाच्या कास्टिंगला बसायचं, सेटवर उभं राहायचं, एडिटिंगला हजर राहायचं. आपण एका ओळीत सहज लिहिलेला ‘मुसळधार पाऊस’ कितीला पडतो, हे तिथे कळतं. अमेरिकेत टीव्हीचा लेखक असा एकेक पायरी चढत निर्माता होतो. ज्याच्या हातात शेवटी लेखन आणि निर्मिती दोन्हीच्या किल्ल्या येतात, त्याला शोरनर म्हणतात. गिलिगन लेखक म्हणून आत शिरला आणि कार्यकारी निर्माता होऊन बाहेर पडला. सात वर्षांचा कोर्स, तोही पगारी!

मग लगेच ‘ब्रेकिंग बॅड’? छे. मधल्या काळात ‘द लोन गनमेन’ ही मालिका त्याने सहकाऱ्यांबरोबर केली, ती २००१ मध्ये १३ भागांत गुंडाळली गेली. ‘एक्स-फाइल्स’ही संपली. काम मिळेना. अशा दिवसांत तो थॉमस श्नॉझ या जुन्या कॉलेजमित्राशी फोनवर रडगाणं गात होता. दोघंही रिकामे. आता करायचं काय? बोलता बोलता विनोद झाला, एखादी मोठी गाडी घेऊ, मागे ड्रग्जची लॅब टाकू आणि हिंडू. हसून फोन ठेवला, पण गिलिगनच्या डोक्यातून ते चित्र जाईना. तुमच्या ग्रुपवर रोज असे दहा फालतू विनोद होतात, त्यातला एखादा जपून ठेवा.

पुढे एचबीओ, टीएनटी, एफएक्स असे सगळे नाही म्हणाले. जुने सिनेमे दाखवणारं म्हणून ओळखलं जाणारं एएमसी हे चॅनेल हो म्हणालं. पहिला भाग २० जानेवारी २००८ ला लागला, तेव्हा गिलिगन चाळिशी पार करून गेला होता. विशीतच ‘माझं काहीच होत नाहीये’ म्हणून स्टोरी टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिला भाग पाहिला सुमारे १४ लाख लोकांनी. अमेरिकेच्या मानाने किरकोळच. शेवटचा भाग पाहिला एक कोटीहून जास्त लोकांनी. मधल्या पाच वर्षांत नेटफ्लिक्सवर जुने भाग पाहून लोक येत गेले आणि २०१३ ला एमी घेताना गिलिगनने त्याचं श्रेय मोकळेपणाने देऊनही टाकलं.

इथे मला थांबून एक कबुली द्यायची आहे. कॉलेजात असताना मीही छोटा हायझेनबर्ग होतो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही एकांकिका बसवत होतो. कॅन्टीनमध्ये चार जणांनी बसून ती रचली. मूळ कल्पना एका मित्राची. शेवट एका मैत्रिणीचा, आणि तो शेवट इतका पक्का होता की त्यावरच एकांकिका उभी राहिली. मी काय केलं? लॅपटॉप माझा होता, म्हणून टाइप केलं. संवाद बरेचसे माझे होते, हेही खरं. पण पोस्टरवर ‘लेखक’ या शब्दापुढे एकच नाव आलं, माझं. कुणी भांडलं नाही. लेखनाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते सर्टिफिकेट आईने लॅमिनेट करून ठेवलं. पुढच्या वर्षी ती मैत्रीण वाचनाला आलीच नाही. मी म्हटलं, नाही तर नाही, मी एकटा लिहितो. लिहिलं. प्राथमिक फेरीतच आम्ही घरी. कारण काय सांगू? शेवटच जमला नव्हता.

वॉल्टर व्हाइटचंही दुखणं हेच नाही का? ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. कॉलेजच्या मित्रांबरोबर काढलेल्या कंपनीतून तो बाहेर पडला, आपला हिस्सा ५,००० डॉलरला विकून मोकळा झाला, आणि कंपनी मोठी झाल्यावर जन्मभर जळत राहिला. कॅन्सर झाल्यावर तेच मित्र उपचाराचा खर्च करायला तयार होतात. हा नाही म्हणतो. मदत घेतली असती तर मालिका पाचव्या भागातच संपली असती. गरिबीने नाही, ‘मला कुणाची गरज नाही’ या गुर्मीने त्याने घर जाळलं. आणि आपण तीच गुर्मी छातीवर छापून फिरतो.

आता गिलिगनची खोली बघा. सहा-सात लेखक एका टेबलाभोवती, भिंतीवर बोर्ड, बोर्डावर कार्डं. पुढच्या प्रसंगात काय होईल यावर सगळे मिळून डोकं लावायचे, जमलं की कार्ड लागायचं. एका भागाची कथा जुळायला दोन-तीन आठवडे लागायचे. मग तो भाग एकाने घरी नेऊन लिहायचा आणि त्यावर नाव त्याचं किंवा तिचं. बहुतेक भागांवर लेखक म्हणून गिलिगन सोडून दुसऱ्यांची नावं आहेत. ज्याला फॅन मंडळी सगळ्यांत भारी भाग मानतात, तो ‘ओझिमँडियस’ लिहिला मोइरा वॉली-बेकेट हिने. २०१४ ची लेखनाची एमी तिला मिळाली. आणि मालिकेतला सर्वोत्तम भाग हाच, असं खुद्द गिलिगन सांगतो. स्वतःच्या मालिकेतला सर्वोत्तम भाग दुसऱ्याने लिहिलाय हे सांगायला किती मोठं मन लागतं, हे पोस्टरवर एकट्याचं नाव टाकणाऱ्याला विचारा. म्हणजे मला.

तो फोनवरचा मित्र श्नॉझ? पुढे तोही याच खोलीत लेखक म्हणून आला. चहा-जेवणाची, झेरॉक्सची धावपळ करणारा ऑफिस असिस्टंट म्हणून गॉर्डन स्मिथ या खोलीत शिरला. ‘बेटर कॉल सॉल’मध्ये त्याने लिहिलेल्या भागाला एमीचं नामांकन मिळालं. सॉल गुडमन पहिल्यांदा पडद्यावर आला तो भाग पीटर गूल्डचा. पुढे सॉलची स्वतंत्र मालिका गिलिगनने गूल्डच्या जोडीने केली आणि काही वर्षांनी धुरा त्याच्याकडेच सोपवली. ती ६३ भाग चालली, एमीची ५३ नामांकनं मिळाली आणि एमी एकही नाही. तरी आज तुम्ही ती पाहताच आहात.

ऐकून घेण्याची ही सवय फक्त लेखकांपुरती नव्हती. जेसी पिंकमनला पहिल्या सीझनच्या शेवटी मारून टाकायचं, असा गिलिगनचा मूळ बेत होता. अ‍ॅरन पॉलचं काम पाहिलं आणि बेत गुंडाळला. कथा घडणार होती कॅलिफोर्नियात, पण न्यू मेक्सिको राज्य खर्चाच्या २५ टक्के परत देत होतं, म्हणून सगळं बिऱ्हाड अल्बुकर्कीला हललं. आता ते वाळवंट काढून ‘ब्रेकिंग बॅड’ डोळ्यांपुढे आणून दाखवा. दुसऱ्या सीझनच्या शेवटी सॉलचं काम करणारा बॉब ओडेनकर्क दुसऱ्या शूटिंगमुळे मोकळा नव्हता, म्हणून ऐन वेळी एक नवा माणूस लिहावा लागला. तो माइक. केमिस्ट्री चुकू नये म्हणून ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्राध्यापक डॉना नेल्सन यांनी मदत देऊ केली, तीही त्याने घेतली. मालिकेतला केमिस्ट्रीचा मास्तर कुणाची मदत घेत नाही, आणि त्याला लिहिणारा खऱ्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना विचारून लिहितो!

यावर तुमच्यातलं कुणी म्हणेल, सर, सगळ्यांनी मिळून लिहिलं की खिचडी होते. बरोबर आहे, होते. आमच्याही ग्रुपमध्ये झाली होती. पण गिलिगनच्या खोलीत मतदान नव्हतं. शेवटचा शब्द त्याचा असायचा, जबाबदारीही त्याचीच. पडलं असतं तर तो पडला असता. निर्णय एकाने घ्यायचा आणि श्रेय वाटायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपण नेमकं उलटं करतो. निर्णय ढकलतो ग्रुपवर, आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर एकटे जातो.

दुसरं कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे अशा खोल्या? आपली मालिका रोज लागते, तीन आठवडे एका भागावर बसायला वेळ कुणाला आहे? हेही खरं. रोजच्या मालिकेचं गणित वेगळं, तिथे आज लिहिलेलं लगेच शूट होतं. पण आपल्याकडच्या श्रेयनामावलीतही कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं असतातच की. म्हणजे काम वाटून होतं आणि ज्याचं त्याचं नाव लावता येतं, हे आपल्याला नवं नाही. आणि तुमच्या एकांकिकेला रोजचा भाग द्यायचा नाहीये. तुमच्याकडे दोन महिने आहेत, कॅन्टीनचं टेबल आहे, वहीची फाडलेली पानं आहेत. तुमच्याकडे ती खोली आजही आहे. नोकरी लागल्यावर असा फुकटचा ग्रुप पुन्हा मिळत नाही, हे अनुभवाचे बोल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने गिलिगनला कारकिर्दीबद्दल गौरवलं. त्या भाषणात त्याने आपल्याच हायझेनबर्गबद्दल खंत बोलून दाखवली. खलनायक पाहून लोकांनी सावध व्हावं, तर लोक त्यांच्यासारखं व्हायला निघाले आहेत, तेव्हा लेखकांनी आता चांगली माणसंही लिहावीत, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या ‘प्लुरिबस’ या मालिकेच्या शेवटी, ही मालिका माणसांनी बनवली आहे, अशी एक ओळ येते. माणसांनी, अनेकवचनात. मशीनला मारलेला टोमणा तर तो आहेच, पण मला त्यातलं अनेकवचन जास्त आवडलं.

तर टी-शर्ट खुशाल घाला. फक्त यंदा एकांकिकेचं किंवा शॉर्टफिल्मचं पोस्टर करणाऱ्याला नावं पाठवाल, तेव्हा दोन मिनिटं थांबा. कल्पना कुणाची, शेवट कुणाचा, संवाद कुणाचे, हे मोठ्याने बोलून ठरवा, आणि हे बोलणं बक्षीस मिळायच्या आधी होऊ द्या, नंतर फार जड जातं.

त्या मैत्रिणीशी माझं बरीच वर्षं बोलणं नाही. हा लेख छापून आला की कात्रणाचा फोटो तिला पाठवणार आहे. त्या एकांकिकेचा शेवट तिचा होता.