जमीन आमची, पण रान कोणाचे?

फाल्गुन लागला की कोकणच्या डोंगरउतारांवर यंत्रकरवतींचा आवाज घुमू लागतो. वरकस जमिनीवरील झाडी ठेकेदारास उक्ती दिलेली असते. ठेकेदार लहानमोठे पाहत नाही. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, जे उभे असेल ते आडवे करून ट्रकमध्ये घालतो. मालकाच्या हाती एकरकमी पैसे पडतात आणि ते लग्नकार्यात किंवा घराच्या डागडुजीत खर्चून जातात. पुढे दहा-पंधरा वर्षांनी खुंटांच्या फुटव्यांचे दांडे झाले की पुन्हा तोच सौदा. आमच्या मते याला रान म्हणणे हीच फसवणूक होय. हे जळणाचे शेत आहे.

याविषयी कोणी बोलू लागले की एक ठरावीक उत्तर मिळते: ‘जमीन आमची, मर्जी आमची.’ हे उत्तर आम्हांस मान्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदीच थोडे. बहुतेक झाडी खातेदारांच्या सातबाऱ्यावर उभी आहे. म्हणजे तेथील पशुपक्ष्यांचे भवितव्य कोणा अभयारण्याच्या अधिकाऱ्याच्या हाती नसून तुमच्या-आमच्यासारख्या कुटुंबांच्या हाती आहे. महाधनेशाचे उदाहरण घ्या. हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या, रुंद बुंध्याच्या झाडातील तयार ढोली शोधतो. मादी आत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून एवढीशी फट ठेवते. मग कित्येक आठवडे नराने त्या फटीतून उंबर-वडाची फळे भरवावी तेव्हा तिचे आणि पिलाचे पोषण होते. हा काळ नेमका आपल्या तोडीच्या हंगामात येतो. दहा-पंधरा वर्षांच्या दांड्यांत ढोली होत नसते. तिला शंभर-शंभर वर्षांचे झाड लागते. तेव्हा एक जुना बेहडा विकणारा माणूस केवळ लाकूड विकत नाही. पुढच्या कित्येक पिढ्यांचे घर विकतो.

दुसरीकडे वृक्षारोपणाचे सोहळे आहेत. आपल्या धर्मग्रामांतूनही पावसाळा आला की खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात आणि दिवाळीनंतर त्या रोपांकडे कोणी फिरकत नाही. हेतूविषयी आमची तक्रार नाही. परंतु ऑस्ट्रेलियन बाभळीच्या सरळ रांगा म्हणजे जंगल नव्हे. जेथे खुंट जिवंत आहेत व आसपास बीज देणारी झाडे आहेत, तेथे रान आपणहून उठते. त्याला आपल्या कुदळीपेक्षा आपल्या संयमाची गरज अधिक असते. मात्र संयम म्हणजे आळस नव्हे. वणव्याचे दिवस येण्यापूर्वी भोवती जाळरेषा काढावी लागते. शेळ्यामेंढ्या काही वर्षे बाहेर ठेवाव्या लागतात. रानमोडी व घाणेरी मुळासकट उपटावी लागते. राबासाठी होणारी कवळतोड ठरावीक झाडांपुरती आवरावी लागते. आणि वाळलेले, पोकळ झाड ‘निरुपयोगी’ म्हणून न तोडता उभे ठेवावे लागते, कारण सुतार, तांबट व घुबड यांचा संसार तेथेच चालतो. शेकरूला या झाडावरून त्या झाडावर जाण्यासाठी एकमेकांस भिडलेल्या फांद्या लागतात. त्या मध्येच छाटल्या की त्याचा रस्ता तुटतो. रान राखणे हीही मशागतच आहे. फरक एवढाच की, तिचे पीक बाजारात दिसत नाही.

हे शक्य आहे काय? कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात अनिल व पामेला मल्होत्रा या दांपत्याने १९९१ साली ५५ एकर जमीन घेतली, आसपासच्या जमिनी जोडून ती सुमारे ३०० एकरांवर नेली आणि तेथे रान वाढू दिले. आज त्या रानात हत्ती वावरतात. कोणी म्हणेल, त्यांच्यापाशी पैसा होता. खरे आहे. म्हणून संगमेश्वर तालुक्याकडे पाहावे. तेथे पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने साध्या खातेदारांशी रान न तोडण्याचे करार केले आणि बेहड्याचे झाड उभे ठेवून त्याची फळे विकण्याची वाट दाखविली. ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्राखाली ही फळे औषधी चहाच्या परदेशी बाजारात गेली. झाड तोडून पैसा एकदाच मिळतो. फळ दर वर्षी धरते.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. ‘झाडी वाढू दिली तर जमीन अडकेल,’ असे पुष्कळ मालक दबक्या आवाजात सांगतात. ही भीती निराधार नाही. ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने संपादन कायदा अमलात येऊन खाजगी वने शासनाकडे गेली आणि त्यावरून वर्षानुवर्षे खटले चालले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मालकी कोणाचीही असो, वन म्हणजे कोशातील अर्थाने वन, असा आदेश दिला. त्यामागील हेतू चांगला होता. पण व्यवहारात काय घडले? ज्याने रान राखले त्याच्यावर बंधने आली, आणि ज्याने डोंगर आधीच बोडका केला तो मोकळा राहिला. जो न्याय राखणदारास शिक्षा व तोडणाऱ्यास सूट देतो, तो न्याय उलटा आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो. स्वेच्छेने रान राखणाऱ्यास त्याच्या मालकीची लेखी हमी आणि राखणीचा वार्षिक मोबदला शासनाने दिलाच पाहिजे.

परंतु कायदा सुधारण्यास वर्षे लागतील. ढोलीचे झाड एका दुपारी पडते. यास्तव आमची विनंती घराघरांतील वडीलधाऱ्यांना आहे. भावाभावांत वाटणी होते तेव्हा रानाचेही तुकडे पडतात, आणि तुकडा झाला की तो विकला जातो. पुढच्या वाटणीपत्रात एक कोपरा असा लिहा की जो कोणाच्याच वाट्यास जाणार नाही व ज्यावर ठेकेदाराचा सौदा होणार नाही. मुलांसाठी आपण घर ठेवतो, दागिने ठेवतो. एक म्हातारा बेहडाही त्यांच्यासाठी उभा ठेवावा.