पाठिंब्याच्या पत्रात आपली अट कुठे आहे?

मतदान लोक करतात, सरकार मात्र बंद दाराआड ठरते. २०१९ साली २४ ऑक्टोबरला निकाल लागला आणि टिकणारे सरकार यायला २८ नोव्हेंबर उजाडला. २०२४ साली महायुतीला घसघशीत बहुमत मिळाले, तरी २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर शपथविधीला ५ डिसेंबर लागला. एवढे दिवस खल होतो तो खुर्च्यांचा. आम्हा सोलापूरकरांनी हा धडा २००४ सालीच पाहिला आहे.

१८ जानेवारी २००३ रोजी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. अनुसूचित जातीतील माणूस महाराष्ट्राच्या या पदावर प्रथमच बसला. ते काँग्रेसचे, चळवळीचे नव्हेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्याच कारकिर्दीत ऑक्टोबर २००४ ची निवडणूक झाली. राष्ट्रवादीला ७१, काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. मोठा पक्ष असूनही राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद सोडले आणि बदल्यात उपमुख्यमंत्रिपदासह जास्तीची मंत्रिपदे पदरात पाडून घेतली. गृह आणि अर्थ ही खातीही त्यांच्याकडेच राहिली. काँग्रेसने मुख्यमंत्रिपद विलासराव देशमुखांना दिले. शिंदे राज्यपाल म्हणून आंध्र प्रदेशात गेले. राजभवनात मान आहे, पण शिष्यवृत्तीचा एक रुपया मंजूर करण्याची सत्ता तिथे नाही.

हे सारे कायदेशीरच होते. घटनेच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात आणि त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्री नेमले जातात. ‘आघाडी’ हा शब्द घटनेत नाही, ‘उपमुख्यमंत्री’ हाही नाही. म्हणजे सत्तावाटपाचा हा सारा व्यवहार घटनेच्या शब्दांबाहेर चालतो. बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी सुचवले होते की, सरकारचा प्रमुख संपूर्ण सभागृहाने निवडावा आणि मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सदस्यांनी निवडावेत. ती सूचना घटनेत आली नाही. त्यामुळे आपला मंत्री कोण, हे आजही दुसऱ्याच्या पक्षाचा श्रेष्ठी ठरवतो.

मग आपल्या हाती काय उरते? २००४ चेच गणित मांडा. ७१ आणि ६९ मिळून १४० होतात. २८८ च्या सभागृहात बहुमत १४५ ला. पाच आमदार कमी होते! अशा वेळी एकेका आमदाराच्या पत्राला किंमत येते. पण आपल्या गटातटांनी ही किंमत आजवर बहुतेक वेळा एखादे महामंडळ किंवा विधान परिषदेची एखादी जागा, एवढीच मागितली. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या १५ टक्क्यांवर आणली, म्हणजे महाराष्ट्रात फार तर ४३. खुर्च्या कमी झाल्यावर आपल्या वाट्याला आश्वासनच येणार, हे उघड आहे.

म्हणून पद मागण्याआधी कायदा मागा. अनुसूचित जाती उपयोजनेसाठी शेजारच्या कर्नाटकाने २०१३ साली स्वतंत्र कायदा केला. असा कायदा, त्याची मुदत आणि मुदत टळल्यास पाठिंबा काढण्याची अट, हे तिन्ही पत्रात लिहून घ्या आणि ते पत्र जनतेसमोर जाहीर वाचा. मंत्री बदलतात, सरकारे पडतात. कायदा मात्र पुढच्या सरकारलाही बांधून ठेवतो. पुढच्या निवडणुकीत जो आपल्या वस्तीत मते मागायला येईल, त्याला आधी हा मसुदा दाखवा.