परांची एकदाच बांधा

दिवाळी आली की घराला रंग काढायचा, ही आपली जुनी हौस. दोन वर्षांपूर्वी आम्हीही काढला. मग छप्पर दुरुस्तीसाठी परांची बांधली, उतरवली. आठ महिन्यांनी सोलर पॅनेलसाठी पुन्हा तीच परांची, पुन्हा तेच भाडं! एवढं करूनही हिवाळ्यात आलेल्या सासूबाई दोन शाली गुंडाळून रेडिएटरला पाठ लावून बसलेल्या. शाळेत सहा वर्षं वेळापत्रकं आखली, घराचंच आखायचं राहिलं.

आता आखलंय. आधी ऊब अडवायची: लॉफ्टमध्ये २७० मिलिमीटर जाडीचा थर, मग भिंती, खिडक्या. त्याच वेळी स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये दमट हवा बाहेर टाकणारे पंखे. नाहीतर फटी बुजल्यावर कुकरची वाफ अन् घरात वाळणारे कपडे भिंतींवर बुरशी आणतात. हीट पंप त्यानंतर, कारण ऊब टिकवणाऱ्या घराला लहान पंपही पुरतो. इंग्लंड-वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. इन्सुलेशन किंवा सोलरचं सामान बसवणाऱ्याकडूनच घेतलं तर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य. आपण दुकानातून आणलं तर २० टक्के. रंग सगळ्यात शेवटी!

सगळं एका वर्षात झेपणार नाही. पण क्रम कागदावर असला की एकाच कामाचे पैसे दोनदा मोजावे लागत नाहीत. जानेवारीत सासूबाई पुन्हा येताहेत. शाली कपाटातच राहाव्यात, एवढीच यंदाची इच्छा.